तेल कुठून येतंय

थोरल्या मिस्त्रींच्या गॅरेजात गाडी नेली आणि आपण तोंड उघडलं, की ते हातातलं फडकं वर करतात. "आधी पुसू," म्हणतात, "मग बोलू." समोर मोठा साहेब असो की पार्सल पोचवणारा, नियम एकच. तेलानं माखलेल्या इंजिनाकडे बघून जो निदान सांगतो तो मिस्त्री नव्हे, ज्योतिषी, असं त्यांचं मत. गिऱ्हाइकं त्यांना पाठीमागे 'पुसूमामा' म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे आणि त्यांची काही हरकत नाही.

मला मात्र आधी बोलायचं असतं. तीस वर्षं मी एका छापखान्यात प्रुफं तपासते. दुसऱ्यांच्या चुका काढण्याचाच पगार मिळत असल्यामुळे असेल, पण चूक दिसली की मला गप्प बसवत नाही, आणि राग तर कायम नाकाच्या शेंड्यावर. नवरा म्हणतो, हिच्या हातात लाल पेन दिलं म्हणून बरं, नाहीतर हिनं काठी घेतली असती. याच स्वभावापायी मी चार वर्षांपूर्वी दोन सख्ख्या भावांच्या मध्ये पडले. हकिकत अर्थात थोरल्या मिस्त्रींची आहे. मी तिच्यात फक्त आरडाओरडा केला.

गॅरेज त्यांच्या वडिलांचं. थोरले अंगानं आडवे, धाकटे काटकुळे. त्यामुळे वडिलांनी दोघांच्या लहानपणीच कामाची वाटणी करून टाकली होती. बॉनेट उघडून हात पोचतो ते सगळं वरचं काम, ते थोरल्याचं. गाडीखाली सरपटत जावं लागतं ते खालचं काम, ते धाकट्याचं. वडील गेले तरी वाटणी तशीच राहिली. कधीही जा, वर एक डोकं वाकलेलं आणि गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. दोघांचं बोलणं इंजिनाच्या आरपार चालायचं. "आलं का?" "थांब." "आता?" "हं." यातलं गिऱ्हाइकाला काही कळायचं नाही, आणि कळावं अशी त्या दोघांची अपेक्षाही नसायची.

माझी गाडी तेव्हा अठरा वर्षांची होती. तिचं इंजिन दोघांनी मिळून पूर्ण उघडलं, सगळी रबरं आणि पॅकिंगं नवी घातली. तीन आठवड्यांनी मी भाचीला मुलाखतीला पोचवायला निघाले आणि भर हायवेवर तेलाचा लाल दिवा लागला. भाची कुणाच्या तरी टेम्पोत बसून गेली. मी गाडी ओढून आणली आणि तणतणतच गॅरेजात शिरले.

थोरल्यांनी त्या दिवशी न पुसताच वाकून पाहिलं. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात तिथून तेल टपकत होतं. इंजिनातला मुख्य दांडा तिथून बाहेर येतो, आणि त्याच्याभोवती तेल अडवायला बशीएवढं रबरी कडं असतं. त्याला हे लोक मागचं सील म्हणतात. ते बदलायचं तर आख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

"हे बसवलं कुणी?" मी विचारलं. आजूबाजूला आणखी तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती.

"यानं," थोरले म्हणाले. "तिरकं बसवलंय."

"सील सरळ आहे," धाकटे म्हणाले.

"मग तेल काय आभाळातून पडतं?"

"ते मला माहीत नाही. सील सरळ आहे."

यावर मी म्हणाले, "गाडीत अजून काय काय सरळ आहे तेही सांगून टाका, म्हणजे मी चालतच जाईन." सगळे हसले. थोरलेही हसले. धाकट्यांनी साबण लावून सावकाश हात धुतले, टॉवेलला पुसले आणि ते निघून गेले. परत आलेच नाहीत. महिन्याभरात पुलाच्या पलीकडे त्यांनी स्वतःची शेड टाकली. भावाभावांचं बोलणं बंद झालं. दोघांच्या बायका मात्र रोज फोनवर बोलतात, त्यामुळे एकमेकांचं रक्तदाबाचं औषध कधी बदललं ते दोघांनाही बरोबर ठाऊक असतं.

मीही रागानं गाडी तिथून हलवली आणि काचेचं दार असलेल्या एका गॅरेजात नेली. तिथे त्यांनी मागचं सील बदललं. महिनाभर बरं चाललं, पुन्हा गळती. वर्षा-दीड वर्षानं पुन्हा बदललं, दुसऱ्या कारागिरानं. पुन्हा तेच. मी डिकीत तेलाचा डबा ठेवायला लागले आणि वरचेवर भर घालत राहिले. गेल्या महिन्यात त्यांनी हात झटकले. इंजिन संपलंय, म्हणाले, भंगारात द्या. नवऱ्याला तेवढंच हवं होतं. त्यानं भंगारवाल्याचा नंबरसुद्धा मिळवून ठेवला.

गाडीचं मला फारसं काही नव्हतं. बावीस वर्षं चालली, पुष्कळ झालं. पण उत्तर न मिळालेला प्रश्न मला झोपू देत नाही. मी गाडीखाली एक मोठा पुठ्ठा घालायला सुरुवात केली. रोज सकाळी त्यावरच्या थेंबांभोवती लाल पेनानं गोल करायचे, तारीख घालायची, आदल्या दिवशी गाडी कुठे नेली होती ते लिहायचं. पंधरा दिवसांत एक गंमत दिसली. बाजारापर्यंत जाऊन आले त्या दिवशी पुठ्ठा कोरडा. बाहेरच्या मोठ्या रस्त्यानं जोरात गेले त्या दिवशी सात-आठ थेंब, आणि तेही वेगवेगळ्या जागी. रबर फाटलं असेल तर ते रस्ता बघून गळेल का? पाणी कुठेतरी मुरत होतं. मी पुठ्ठा काखोटीला मारला आणि चार वर्षांनी थोरल्या मिस्त्रींच्या दारात गाडी उभी केली.

ते एकटेच होते. गाडीखाली जायला आता चाकं लावलेली फळी केली होती, तिच्यावरून धापा टाकत उठले. गाडी बघून चेहरा आखडला.

"ही गाडी मी बघणार नाही, ताई. हिचं मागचं सील..."

"दोनदा बदललंय. दोन वेगवेगळ्या माणसांनी."

"आणि?"

"तरी गळतंय. मिस्त्री, तीन माणसांनी तीन वेळा तिरकंच बसवलं असेल का?"

खरं सांगते, मी हे निव्वळ कुतूहलानं विचारलं होतं. पण विचारल्यावर त्यांच्याकडे पाहिलं आणि आपण काय विचारून बसलो ते माझ्या डोक्यात शिरलं. दोष सीलचा नसेल, तर धाकटा भाऊ फुकटच गेला होता. थोरल्यांना हे माझ्या आधी कळलं होतं. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. त्या वेळी त्यांनी मला परत पाठवलं असतं तरी मी काही म्हणू शकले नसते.

त्यांनी खुंटीवरचं फडकं घेतलं. "आधी पुसू," म्हणाले.

पुसायला दुपार झाली. रॉकेलनं इंजिन धुतलं, ब्रशनं कानेकोपरे खरवडले, हवा मारून वाळवलं. मी छापखान्यात फोन करून रजा टाकली आणि स्टूल ओढून बसले. मग त्यांनी कपाटातून पावडरचा डबा काढला. तोंडाला लावायची साधी पावडर. ती त्यांनी सगळ्या इंजिनावर भुरभुरली. डबे घरून आणतात, त्यामुळे बायकोच्या वाट्याला कायम रिकामा डबा येतो अशी तिची तक्रार आहे.

"तेल खाली टपकतं म्हणून लोक खाली शोधतात," ते म्हणाले. "ते वरून कुठूनही आलेलं असतं. धावत्या गाडीत वाऱ्यानं मागेही उडतं. पावडर आधी जिथे काळी पडेल ती खरी जागा."

अर्धा तास गाडी जागेवर चालू ठेवली. पावडर पांढरीच. माझा पुठ्ठा त्यांनी दोन्ही हातांत धरून तारखांसकट वाचला. "मिस्त्री व्हायचं होतं तुम्ही," म्हणाले. मला इतकं बरं वाटलं की मी ते त्यांना कळू दिलं नाही. मग मी गाडी मोठ्या रस्त्यावर घातली. ते शेजारी कान देऊन बसले होते. वीस किलोमीटर जाऊन आलो आणि बॉनेट उघडलं.

पावडर तीन ठिकाणी भिजली होती. वरच्या झाकणाच्या कडेला, पुढे पट्ट्याच्या चाकामागे, आणि मागच्या सीलच्या बाजूला.

"तीन?" मी म्हणाले.

"तीन." ते डोकं खाजवत राहिले. "तिन्ही रबरं एकदम जात नाहीत कधी."

"आमच्याकडे एकाच पानावर तीन ठिकाणी सारखीच चूक सापडली, तर मी जुळणी करणाऱ्याला बोलत नाही. मूळ हस्तलिखित मागवते. चूक आधीच कुठेतरी झालेली असते."

त्यांची मान हलली. इंजिन तापलेलं होतं. ते गार व्हायची वाट बघत आम्ही चहा घेतला. तेव्हा मला सहज आठवलं. "ती तेल मोजायची पट्टी असते ना," मी म्हणाले, "ती लांबच्या फेरीनंतर नेहमी बोटभर वर आलेली असते. मी अंगठ्यानं दाबते. मला वाटायचं मीच धड बसवत नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. "कधीपासून?"

"चार वर्षं झाली असतील."

"आणि हे तुम्ही आज सांगताय?"

"तुम्हीच तोंड उघडू देत नाही. आधी पुसू, आधी पुसू."

एरवी ते हसले असते. आता ते तरातरा आत गेले आणि एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले. गाडी पुन्हा चालू करायला लावली, तेल ओतायचं झाकण काढलं आणि त्या तोंडावर पिशवी उपडी घालून रबरबँडनं आवळली. "ॲक्सिलरेटर दाबा." मी दाबला. खिडकीतून मान काढून बघते तर पिशवी टम्म फुगली होती. आणखी दाबला तर फट्कन उडून पलीकडे पडली.

"शिट्टी अडकलेला कुकर आहे हा," थोरले म्हणाले. "आतल्या वाफेला बाहेर जायला वाट असते. वरच्या झाकणाला एक नळी असते, ब्रीदर म्हणतात. ती तुंबली की दाब साठतो आणि जिथे रबर दिसेल तिथून तेलाला बाहेर ढकलतो. हळू चाललात तर दाब कमी, म्हणून बाजारात जाऊन आलात की पुठ्ठा कोरडा."

"म्हणजे सील कितीही बदला..."

"कितीही बदला."

त्यांनी ब्रीदरची नळी काढून उजेडात धरली. आरपार स्वच्छ. माझा चेहरा पडला. पण त्यांचं लक्ष नळी ज्या तोंडाला बसते तिकडे होतं. त्यात दिवा घातला, डोळा लावला, मग एका तारेला आकडा करून आत सारला. दोनदा निसटला. तिसऱ्यांदा काहीतरी काळं, चिकट, हातभर लांब बाहेर आलं. ते त्यांनी रॉकेलच्या डब्यात टाकलं आणि बोटांनी चोळलं. तीनदा रॉकेल बदललं तेव्हा उभेआडवे धागे दिसायला लागले.

"कापड?" मी विचारलं.

"चिंधी," ते म्हणाले आणि खाली बसले.

त्यांच्या वडिलांची शिस्त होती. इंजिन उघडलं की जेवढी उघडी तोंडं दिसतील तेवढ्यांत चिंध्या कोंबायच्या, म्हणजे एखादा नट किंवा खरवडलेला कचरा आत पडत नाही. कोंबताना मोजायच्या, काढताना मोजायच्या, आणि आकडा जुळल्याशिवाय झाकण लावायचं नाही. हे सांगताना थोरल्यांचं लक्ष डब्याकडेच होतं. ही चिंधी आत राहिली. तिच्यातून थोडी थोडी वाफ झिरपत राहिली म्हणून इंजिन चार वर्षं तगलं. मोजणी त्या दिवशी का चुकली ते त्यांनी सांगितलं नाही. त्या आठवड्यात मी दिवसातून तीनदा फोन करून "झाली का?" विचारत होते, ते माझं मलाच आठवलं.

मला त्यांच्याकडे बघवेना. मी म्हणाले, "मिस्त्री, चार वर्षांत गाडी दुसऱ्यांच्या हातात होती. त्यांचीही असेल."

"त्यांनी वरचं झाकण उघडलं होतं?"

मी खोटं बोलू शकले असते. "नाही."

"मग झालं तर. वरचं काम माझं."

ते पुढे म्हणाले, "सरळ आहे, सरळ आहे, असं त्यानं दोनदा सांगितलं होतं मला." आवाज अगदी साधा होता, आणि त्यामुळेच मला लाज वाटली. चुका शोधण्यात तीस वर्षं घालवलेली मी, त्या दिवशी एकदाही वर बघितलं नव्हतं.

त्यांनी चिंधी पिळून एका पत्र्याच्या झाकणात ठेवली आणि येऊन माझ्या शेजारच्या सीटवर बसले. "पुलापलीकडे घ्या."

"आधी फोन तरी करा."

"फोनवर नको. लोकांसमोर बोललो होतो."

धाकट्यांची शेड लहान, पण हत्यारं ओळीनं टांगलेली. त्यांचे केस आता पिकले होते. दोन गिऱ्हाइकं होती, शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर आणि एक चष्मेवाले आजोबा. भावाला गाडीतून उतरताना बघून धाकट्यांचा हात होता तिथेच थांबला. थोरल्यांनी इकडचं तिकडचं काही केलं नाही. शेडच्या मधोमध उभे राहिले आणि झाकण पुढे धरलं.

"ही चिंधी या गाडीच्या ब्रीदरमध्ये होती. मी कोंबली आणि मीच काढायला विसरलो. सील सरळ होतं. तुला मी गिऱ्हाइकांसमोर बोललो, म्हणून गिऱ्हाइकांसमोर सांगतोय."

आजोबांना काही कळलं नाही, पण त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. धाकट्यांनी झाकण घेतलं, चिंधी बोटानं उलटी केली.

"हिच्यावर चार वर्षं चाललं इंजिन?" त्यांनी मला विचारलं.

"चाललं."

"सुती आहे म्हणून. नायलॉनची असती तर महिन्यात बसलं असतं." भाऊ म्हणून काय बोलावं ते त्यांना सुचत नसावं, म्हणून ते मिस्त्री म्हणून बोलत होते.

मी म्हणाले, "त्या दिवशी मीही बोलले होते. तुमच्यावर सगळे हसले ते माझ्यामुळे. माझं चुकलं."

"ते मी विसरलो, ताई," ते म्हणाले. साफ खोटं होतं.

थोरल्यांनी घसा खाकरला. "दाबानं मागचं सील आता खराब झालंय. बदलायला लागेल. खालचं काम आहे."

"मी सीलचं काम घेत नाही."

"का?"

धाकटे फडक्यानं हात पुसत राहिले. उत्तर व्हॅनच्या ड्रायव्हरनं दिलं, अगदी सहज. "धाकटे मिस्त्री मागचं सील करत नाहीत. सगळ्यांना ठाऊक आहे. तेवढं काम ते दुसरीकडे पाठवतात."

"चार वर्षांत एकही नाही?" थोरल्यांनी विचारलं.

"एक घेतलं होतं," धाकटे म्हणाले. "बसवलं की वाटायचं, तिरकं आहे. काढलं. परत बसवलं. परत तेच. चौथ्यांदा काढल्यावर गिऱ्हाइकाला दुसरीकडे पाठवलं आणि सोडून दिलं."

थोरले कोपऱ्यातल्या रिकाम्या खोक्यावर जाऊन बसले आणि म्हणाले, "मी इथेच आहे. तू करशील तेव्हा कर."

धाकट्यांनी आधी व्हॅनचं काम संपवलं, मग आजोबांचं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाडी आत घ्या."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी गेले तेव्हा गिअरबॉक्स उतरवलेला होता. गाडी चार लोखंडी घोड्यांच्या टेकूवर उचलून ठेवली होती आणि खालून चार पाय बाहेर आले होते, दोन काटकुळे, दोन जाडजूड. थोरले त्या अडचणीत कसे शिरले देव जाणे. मी जमिनीवर पुठ्ठा टाकून गुडघ्यांवर बसले आणि वाकून बघू लागले. थोरल्यांच्या हातात दिवा होता. धाकट्यांनी नवं सील जागेवर धरलं, वर लाकडाचा ठोकळा ठेवला आणि हातोडीनं हळू ठोकत गेले, एकदा वर, एकदा खाली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. थोरल्यांनी दिवा हलू दिला नाही. सील आत बसलं. धाकट्यांनी ठोकळा काढला. पुन्हा उपटायला बोटं पुढे गेली आणि कडेवर थांबली.

"बघ," ते म्हणाले.

थोरल्यांनी दिवा दुसऱ्या हातात घेतला, तर्जनी फडक्याला पुसली आणि सीलच्या कडेवरून सावकाश फिरवली. एक फेरा पूर्ण केला. मग आणखी एक.

"सरळ आहे," ते म्हणाले.

"तेव्हाचंही असंच होतं."

"हो," थोरले म्हणाले. "तेव्हाचंही असंच होतं."